रांग आणि पंगत

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतून टेम्पो निघू लागतात. ब्लँकेटे, वापरलेले कपडे, तांदळाच्या पिशव्या, वह्या, मुलांसाठी केक असा सरंजाम भरून आपली मंडळे आणि समित्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी या तालुक्यांतील पाड्यांकडे कूच करतात. सकाळी निघालेली मंडळी दिवेलागणीला घरी परततात. पुढच्या महिन्याच्या पत्रिकेत वृत्तांत छापून येतो : इतकी ब्लँकेटे, इतकी कुटुंबे, आणि सोबत छायाचित्र. या वृत्तांतांत एक वाक्य मी गेली कित्येक वर्षे शोधतो आहे. 'आम्ही त्यांच्या घरी जेवलो' हे ते वाक्य. ते मला अद्याप सापडलेले नाही.

आपल्या भाषेत माणसांच्या ओळीला दोन शब्द आहेत. एक रांग आणि दुसरा पंगत. रांगेत माणूस उभा असतो, त्याचा हात पुढे पसरलेला असतो आणि त्याची नजर देणाऱ्याच्या हाताकडे असते. पंगतीत माणूस मांडी घालून बसतो आणि त्याच्या शेजारी कोण बसले आहे हे त्याला दिसते. आपण पाड्यांवर जाऊन रांगा लावतो. त्यांनी मांडलेल्या पंगतीला मात्र बसत नाही. ज्याच्या घरी आपण जेवलो नाही त्याला वाढण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते अनेकांना बोचेल याची मला कल्पना आहे. मलाही ते प्रथम बोचले होते, आणि ते मला कोणा विद्वान प्राध्यापकाने शिकवलेले नव्हते.

१९९३ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. गुरुविद्यालयात तत्त्वज्ञानाचा अभ्यास चालू होता. सुट्टीत एका मंडळाबरोबर मी जव्हार तालुक्यात, पिंजाळ नदीच्या खोऱ्यातील एका वारली पाड्यावर गेलो. वाटप शाळेच्या पडवीत झाले. मी स्वतः नावे पुकारत होतो. वाटप संपता संपता एक म्हातारी बाई आली आणि म्हणाली, घरात भाकर केली आहे, चला. नागलीच्या भाकरी, उडदाचे कालवण आणि सुक्या मासळीची चटणी असा बेत तिने सकाळपासून चूल पेटवून केला होता. आमच्या प्रमुखांनी अत्यंत सौजन्याने हात जोडले. तुम्हांला कशाला त्रास, आम्ही डबे आणले आहेत, असे ते म्हणाले. आम्ही त्याच पडवीत डबे उघडले. पाण्याच्या बाटल्याही आमच्याच होत्या. पाड्यावरची मुले जरा अंतरावर उभी राहून पाहत होती.

आम्ही निघालो तेव्हा त्या बाईचा नवरा चालत आला. त्याच्या हातात नुकतेच घेतलेले ब्लँकेट होते, नीट घडी घातलेले. त्याने ते गाडीच्या बाकावर ठेवले. त्याच्या वारली बोलीतल्या शब्दांचा आशय असा होता की, आमची भाकर तुम्हांला चालत नाही, तर तुमचे पांघरूण आम्हांला कसे चालेल? एवढे बोलून तो वळला आणि गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता. हिशेब चुकता करावा तसे ते ब्लँकेट त्याने ठेवले होते.

परतीच्या वाटेवर गाडीत एकच विषय होता. 'यांच्यासाठी कितीही करा', 'कृतघ्न', 'कोणी तरी फूस लावली असेल'. मी त्यात भर घातली नाही. पण विरोधही केला नाही. मनातून मलाही तो अपमानच वाटला होता. अपमान कोणाचा झाला होता हे समजायला मला दीड वर्ष लागले.

१९९५ च्या जुलैमध्ये, शिक्षणाच्या मधल्या वर्षी प्रत्यक्ष कार्याचा अनुभव घेण्यासाठी मला त्याच भागात पाठवण्यात आले होते. एके दुपारी एकटाच पाड्यावरून परतत असताना पावसाने गाठले. ओहळाला पूर आला, पलीकडे जाणे अशक्य झाले. मी मागे फिरलो आणि पहिल्याच झोपडीच्या दारात उभा राहिलो. दारात तोच म्हातारबाबा होता. त्याने मला ओळखले की नाही हे मला शेवटपर्यंत कळले नाही. 'फादर, तू भिजला' एवढेच तो म्हणाला. मी अजून फादर झालो नव्हतो आणि त्या भागात थोरामोठ्यांनाही 'तू' म्हणतात. त्या 'तू'ने मला चुलीजवळ नेऊन बसवले.

मी तेथे तीन दिवस अडकलो. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात कणगी. जुलै महिना म्हणजे पाड्यावर कणगीचा तळ दिसू लागण्याचा काळ. नवे पीक दिवाळीच्या आसपास हाती यायचे, जुने संपत आलेले, आणि शेतात मात्र वर्षातले सर्वांत कष्टाचे काम. हे सारे मी पुस्तकात वाचले होते. त्या घरात ते मी पाहिले. पहिल्या रात्री मला भात मिळाला. घरात स्टीलचे एकच ताट होते, ते माझ्यापुढे आले. दुसऱ्या रात्री माझ्या लक्षात आले की आतल्या बाजूला ती म्हातारी आणि सून पेज पीत आहेत. भाताचे शिते माझ्या ताटात आली होती आणि पाणी त्यांच्या वाट्याला. मी ताट सरकवले. म्हाताऱ्याने ते पुन्हा माझ्यापुढे सरकवले. त्याच्या घरात यजमान तो होता, आणि यजमानाचा शब्द मोडण्याची सोय पाहुण्याला नसते.

तिसऱ्या दिवशी पाऊस ओसरला. मी खिशातून नोटा काढल्या. म्हातारी हसली. जेवलास त्या घरी पैसे देतात का, असे तिने विचारले. मग तिनेच मला वाट काढून दिली. आवणी चालू आहे, हात लाव, असे ती म्हणाली. मी दिवसभर चिखलात वाकून रोपे लावली. माझी ओळ इतकी वेडीवाकडी गेली की पाड्यावरच्या बायका हसून हसून थकल्या. संध्याकाळी जेवताना मला ताट मिळाले नाही. इतरांसारखीच पानाची पत्रावळ मिळाली. पाहुणा म्हणून आलेला मी त्या पत्रावळीवर घरचा झालो. पुढच्या हिवाळ्यात मी म्हाताऱ्यासाठी एक ब्लँकेट नेले. काही न बोलता त्याने ते घेतले आणि खांद्यावर टाकले.

वाचकहो, ही आठवण मी भावूक होऊन सांगितलेली नाही. तिच्या आधारे मला एक आरोप करायचा आहे. आपण प्रभूच्या आज्ञेचा क्रम उलटा केला आहे. संत लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढून पाहा. बहात्तर शिष्यांना पाठवताना प्रभू येशू त्यांना थैली, झोळी आणि वहाणा घेऊ देत नाही. तो त्यांना मुद्दाम रिकाम्या हातांनी पाठवतो. मग तो क्रम सांगतो. घरात शिरताना शांती द्या. त्या घरी राहा आणि तेथे पुढे येईल ते खा. त्यानंतर आजाऱ्यांना बरे करा. आणि मग देवाचे राज्य जवळ आल्याचे सांगा. खाणे आधी, सेवा नंतर, उपदेश सर्वांत शेवटी. आपल्या टेम्पोत आधी उपदेश असतो, मग सेवा असते, आणि खाणे डब्यात बंद असते.

हा क्रम योगायोगाने आलेला नाही. ज्याला काहीच लागत नाही असा माणूस दुसऱ्याच्या दारात मालक म्हणून उभा राहतो. ज्याला भाकर लागते तो पाहुणा म्हणून उभा राहतो. प्रभू स्वतः असाच वावरला. सूखारच्या विहिरीवर शमरोनी स्त्रीला त्याने प्रथम पाणी मागितले; जीवनाच्या पाण्याची गोष्ट नंतर काढली. जक्कयाला त्याने झाडावरून खाली बोलावले ते त्याच्या घरी उतरण्यासाठी. पश्चात्तापाचे शब्द त्यानंतर जक्कयाच्याच तोंडून आले.

जुन्या करारातील सारफथच्या विधवेची कथा तर आपल्या समित्यांच्या प्रत्येक बैठकीच्या आरंभी वाचावी अशी आहे. दुष्काळात देवाने एलीयाला त्या विधवेकडे पाठवले. तिला अन्न पोचवण्यासाठी पाठवले असते तर ते आपल्याला समजले असते. पण देवाने त्याला तिच्या हातचे खाण्यासाठी पाठवले. मूठभर पीठ आणि थोडे तेल एवढाच तिचा साठा होता, आणि संदेष्ट्याने तिच्याकडे आधी आपल्यासाठी भाकर मागितली. नासरेथच्या सभास्थानात प्रभूने याच विधवेची आठवण करून दिली तेव्हा गावकरी इतके संतापले की त्यांनी त्याला कड्यावरून लोटून द्यायला नेले. परक्या, गरीब बाईकडून आपल्याला काही मिळते, हे ऐकून घेणे धार्मिक माणसांना तेव्हाही जड गेले होते.

यावर मला हमखास तीन आक्षेप ऐकावे लागतात. त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिला आक्षेप आरोग्याचा. तेथील पाणी आपल्याला बाधते, असे म्हणतात. खरे आहे. त्या वर्षभरात मला दोनदा जुलाब झाले. पाणी उकळून प्यायला माझी हरकत नाही. प्रकृती नाजूक असेल त्याने जपावेच. पण एक प्रश्न विचारतो. जे पाणी आपण एका दिवसासाठी पिऊ शकत नाही, ते तेथील मुले बाराही महिने पितात, ही गोष्ट आपल्या वृत्तांतात का येत नाही? आपल्या बाटलीने आपले पोट वाचवले. पण त्याबरोबर आपल्याला कळायला हवे होते ते कळूही दिले नाही. जो तेथले पाणी पितो तो परत आल्यावर पाण्याविषयी बोलतो. जो आपले पाणी घेऊन जातो तो परत आल्यावर ब्लँकेटांविषयी बोलतो.

दुसरा आक्षेप अधिक सात्त्विक आहे. ज्यांच्याकडे स्वतःपुरतेही नाही त्यांच्यावर आपण आणखी भार का टाकावा? पेजेचे ते वाडगे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून या आक्षेपाची मी टिंगल करणार नाही. मात्र भार न टाकण्याचे दोन मार्ग असतात. एक मार्ग म्हणजे पाहुण्याने घरात शिरताना शिधा नेऊन यजमानिणीच्या हाती देणे, तिने तो रांधणे आणि सर्वांनी मिळून खाणे. आपल्या नातेवाइकांकडे जाताना आपण हेच करतो, आणि त्यात कोणाचाही कमीपणा होत नाही. दुसरा मार्ग म्हणजे तिचे आमंत्रण नाकारणे. पहिल्यात तिचा भार हलका होतो. दुसऱ्यात तिच्याजवळ देण्यासारखे काही नाही असा निकाल आपण परस्पर देऊन टाकतो. मंदिरातील दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेला, बाई, तुला परवडणार नाही, असे म्हणून प्रभूने परत पाठवले नाही. त्याने तिचे देणे पाहिले, आणि शिष्यांना बोलावून दाखवले.

तिसरा आक्षेप माझ्या तरुण सहकाऱ्यांचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. गरिबांच्या पाहुणचाराचे गोडवे गाता गाता आपण त्यांच्या गरिबीचेच गोडवे गाऊ लागतो, असे ते म्हणतात. हा धोका मला पूर्ण मान्य आहे. एक दिवस पाड्यावर काढून आलेला माणूस 'काहीही नसताना किती आनंदी आहेत हो ते' असे म्हणतो तेव्हा माझे कान तापतात. १९९२ साली याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने बालके दगावली. त्यांच्या आयांना आपण आनंदी म्हणणार आहोत काय? ज्या घरची भाकर आपण खाल्ली त्या घरची कणगी रिकामी का, हे विचारणे पाहुण्याचे कर्तव्य आहे. ते न विचारता जो केवळ आठवणी घेऊन परततो, तो फुकट जेवला असे मी म्हणेन.

पाहुणचाराने ऋण होते, आणि ते फेडण्याच्या रीती दानापेक्षा कठीण असतात. दिवाळीनंतर पाडे ओस पडतात. ती माणसे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर आणि आपल्या वाड्यांतून कामाला येतात. त्यांना वेळेवर व पुरती मजुरी मिळते का? त्यांची मुले त्या महिन्यांत कोणत्या शाळेत जातात? वनहक्क कायदा २००६ साली झाला. आपण ज्या पाड्यावर वर्षानुवर्षे जातो तेथील किती जणांचे दावे मंजूर झाले हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे? लाभार्थींची यादी आपल्याकडे असते. यजमानांची यादी असती तर हे प्रश्न आपल्याला आपोआप सुचले असते.

या बाबतीत आपल्याला धडा घालून दिला तो श्रद्धावंतांनी नव्हे. १९४५ सालच्या वारल्यांच्या लढ्यात गोदावरी परुळेकर या कम्युनिस्ट कार्यकर्त्या बाई वारल्यांच्या झोपड्यांतून राहिल्या, त्यांच्याबरोबर चालल्या, त्यांचे अन्न खाल्ले. त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या विचारसरणीशी माझे मतभेद आहेत आणि ते राहतील. पण देवाला न मानणारी एक स्त्री जी आज्ञा पाळू शकली, ती देवाच्या नावाने निघालेल्या आपल्याला पाळता येऊ नये, याची लाज वाटायला हवी.

आपल्यावर बाहेरून आरोप होतो की आपण तांदूळ देऊन धर्म विकतो. त्याला उत्तर म्हणून आपण सेवाकार्याची लांबलचक यादी पुढे करतो. या दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर एकमत आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही. दोघांच्याही लेखी आदिवासी म्हणजे केवळ पसरलेला हात. तो देऊ शकतो, तो नाकारूही शकतो, हे दोघांनाही मान्य नाही. माझ्या त्या म्हातारबाबाने ब्लँकेट परत करून दोघांनाही एकाच वेळी उत्तर दिले होते.

आता स्वतःच्या घराकडे वळतो. कारण हे खापर केवळ समित्यांच्या माथी फोडून मला सुटता येणार नाही. आम्ही वसईकर पाहुणचाराचा मोठा अभिमान बाळगतो. सणाला कोणीही यावे, इंद्याल खाल्ल्याशिवाय त्याला जाऊ देणार नाही, असे आमचे ब्रीद. माझ्या लहानपणी आमच्या केळीच्या वाडीत पाड्यांवरची माणसे कामाला येत. आई त्यांना चहा देई, भाकरी देई. तिचा हात सढळ होता. पण मागच्या पडवीच्या कोनाड्यात दोन कान तुटलेले कप उपडे घातलेले असत. चहा त्या कपांतून दिला जाई आणि पिऊन झाल्यावर ज्याचा त्याने तो विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा असे. आम्ही रोज संध्याकाळी कुटुंबाने गुडघे टेकून रोझरी म्हणत होतो. ते कप आम्हांला कोणालाच दिसले नाहीत. मला ते प्रथम दिसले त्या झोपडीत, घरातले एकमेव स्टीलचे ताट माझ्यापुढे आले तेव्हा. आज वाड्या गेल्या, तेथे इमारती आल्या. पण घरकामाला येणाऱ्या बाईचा कप कोठे ठेवलेला असतो, हे प्रत्येकाने घरी जाऊन पाहावे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली 'एव्हान्जेली गाऊदियुम' या पत्रात लिहिले की गरिबांकडून आपल्याला पुष्कळ शिकायचे आहे आणि त्यांच्याकडून आपण स्वतः शुभवर्तमान स्वीकारले पाहिजे. २०१७ पासून ख्रिस्तसभेत दरवर्षी जागतिक गरीब दिनही पाळला जातो. आपल्याकडे तो कसा पाळला जातो? दुसरी दानपेटी फिरते, आणि एखादे वाटप होते. म्हणजे पुन्हा रांग.

वेदीवर आपण काय करतो याचा थोडा विचार करा. पवित्र मिस्सामध्ये यजमान ख्रिस्त आहे. आपण सगळे त्याच्या मेजावरचे पाहुणे, आणि आपल्यापैकी एकानेही त्या भाकरीची किंमत चुकती केलेली नाही. रविवारी हात पुढे करून जो फुकटची भाकर घेतो, त्याला सोमवारी दुसऱ्याच्या हातून भाकर घेणे कमीपणाचे का वाटावे? ज्याला घेता येत नाही त्याला मिस्सा कळलेला नाही, आणि हे मी धर्मगुरू म्हणून पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. समितीने वर्षाकाठी दहा पाडे पालथे घालण्याऐवजी एकाच पाड्यावर दहा वेळा जावे. पहिल्या भेटीत काहीही वाटू नये. बोलावतील त्या घरी जेवावे, शक्य तर रात्रीचा मुक्काम करावा, आणि माणसांची नावे यादीतून न घेता त्यांच्या तोंडून ऐकावीत. आणि वर्षातून एकदा, धर्मग्रामाच्या सणाला, त्या यजमानांना सहकुटुंब आपल्या घरी बोलवावे. मागच्या पडवीत नव्हे, आपल्याच पंगतीत.

येत्या नाताळात टेम्पो निघेल तेव्हा ब्लँकेटे हवी तितकी भरा. जेवणाचे डबे मात्र घरी ठेवून जा.